कमी चाललेली गाडी म्हणजे खर्च नाही? थांबा जरा

आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारात कोणी जुनी स्विफ्ट नाहीतर पोलो बघायला निघालं की काका लोकांचं ठरलेलं, "अरे फक्त २२ हजार चाललीये, घेऊन टाक, पाच वर्ष हात लावायला नको". हे चूक आहे राव. रबर, ब्रेक ऑइल, कूलंट, बॅटरी ह्या गोष्टी उभ्या गाडीतपण म्हाताऱ्या होतातच, त्यात बडोद्याचा मे महिना माहितीये ना! ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं, मग गाडी चालो न चालो. टायरच्या बाजूला DOT (डॉट) लिहिलेल्या ओळीत शेवटचे चार आकडे बघा, २३१८ असेल तर २०१८ चा तेविसावा आठवडा, म्हणजे नक्षी नवीकोरी दिसली तरी टायर जुनाच. मी एकदा नखाने दाबून पाहिलं तर कडेला बारीक चिरा, आणि मालक म्हणे "एकदम नवे आहेत".

टायमिंगचं, म्हणजे इंजिनाचे आतले भाग एकमेकांच्या तालात फिरवायला चेन आहे की रबरी बेल्ट, हे नक्की विचारा. स्विफ्टच्या १.२ पेट्रोलला चेन असते, पोलोच्या १.५ डिझेलला बेल्ट, आणि बेल्टला किलोमीटरसोबत वर्षांचीपण मुदत असते, तो तुटला की इंजिनच उघडावं लागतं. मीटर मागे फिरवता येतो, म्हणून सर्विसची बिलं मागायची, तारखेसकट.