नोटरी केलेला कागद कायद्याने कितपत चालतो?

मुंबईत भाड्याने घर देताना अकरा महिन्यांचा करार मुद्रांकावर छापून तो नोटरीकडून शिक्का मारून घेण्याची पद्धत अजूनही सर्रास आढळते, आणि अनेक घरमालक त्यालाच पक्का करार समजतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार मात्र लिव्ह अँड लायसन्स करार (म्हणजे घर ठरावीक मुदतीसाठी वापरू देण्याचा करार) लेखी असणे आणि नोंदवलेला असणे बंधनकारक आहे, मग त्याची मुदत अकरा महिन्यांची असो वा अधिक. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर असून, ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. शिवाय, असा नोंदवलेला करार नसेल तर अटी-शर्तींबाबत भाडेकरूचे म्हणणे, ते खोटे ठरवले जाईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. घरमालकाला दंडापेक्षा हीच गोष्ट अधिक महागात पडू शकते. ही नोंदणी नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ऑनलाइन सुविधेतूनही होते आणि मुंबईसारख्या महापालिका क्षेत्रात तिची फी १,००० रुपये आहे. मुद्रांक शुल्क वेगळे.

नोटरी अधिनियम, १९५२ खाली नोटरीचे काम मर्यादित आहे: समोर आलेल्या व्यक्तीची ओळख पटवणे, तिने दस्तावर सही केल्याचे साक्षांकित करणे, प्रतिज्ञापत्रासाठी शपथ देणे आणि मूळ कागदाशी पडताळून प्रत प्रमाणित करणे. दस्तातील मजकूर खरा आहे किंवा व्यवहार कायदेशीर आहे, याची हमी त्यात नसते. त्यामुळे घराचे खरेदीखत किंवा बक्षीसपत्र केवळ नोटरी करून मालकी हस्तांतरित होत नाही. त्यासाठी दुय्यम निबंधकांकडे नोंदणीच लागते. मृत्युपत्राला नोंदणी किंवा नोटरी यांपैकी काहीही सक्तीचे नाही, पण दोन साक्षीदार अनिवार्य आहेत आणि नोटरीचा शिक्का त्यांची जागा घेत नाही. कुलमुखत्यारपत्राच्या, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला (मुखत्याराला) देणाऱ्या दस्ताच्या बाबतीत नोटरीला खरे वजन आहे, कारण नोटरीसमोर केलेला असा दस्त रीतसर झाला आहे, असे न्यायालय गृहीत धरते. तरीही, भारतात राहणाऱ्या व्यक्तीला आपल्या मुखत्यारामार्फत दस्त नोंदणीसाठी सादर करायचा असेल, तर ते मुखत्यारपत्र निबंधक किंवा दुय्यम निबंधकांसमोर केलेले व त्यांनी प्रमाणित केलेले असावे लागते. विवाह वा घटस्फोटही नोटरीच्या कागदाने होत नाही, कितीही जाड मुद्रांक वापरला तरी.

नोटरीकडे जाताना मूळ ओळखपत्र, फोटो, मूळ दस्त आणि आवश्यक मूल्याचा मुद्रांक सोबत न्यावा. सही घरून करून नेऊ नये. ती नोटरीसमोर करायची असते, आणि कुणाच्या तरी हाती कागद पाठवून शिक्का आणणे हा पुढे त्या दस्ताच्याच मुळावर येणारा प्रकार आहे. नोटरीच्या नोंदवहीत आपली नोंद होऊन तिथे सही झाली का, दस्तावर अनुक्रमांक व तारीख पडली का, आणि गोल शिक्क्यात नोटरीचे नाव, कार्यक्षेत्र व नोंदणी क्रमांक स्पष्ट उमटला का, हे जागेवरच पाहावे. वाद न्यायालयात गेल्यास ही नोंदवही कामाला येते.

शासकीय दाखल्यांसाठी नोटरीकडे धावण्यापूर्वी संबंधित कार्यालयात चौकशी करावी, कारण राज्य शासनाने २०१५ मध्ये बहुतेक ठिकाणी प्रतिज्ञापत्राऐवजी साध्या कागदावरील स्वयंघोषणापत्र आणि स्वसाक्षांकित प्रती स्वीकारण्याचे धोरण घेतले आहे. कायद्यानेच प्रतिज्ञापत्र मागितले असेल, तेवढेच अपवाद.