मदतीला धावणाऱ्यांची नुकसानभरपाई: शंभर वर्षांचा कायदा आणि गोवा

गोव्याच्या सीमेवरच्या चोर्ला घाटात ऐन पावसाळ्यात मोटारीवर झाड कोसळते, झाडाबरोबर विजेची तारही खाली येते आणि थोड्याच वेळात तिथे वेगवेगळ्या खात्यांची माणसे गोळा होतात. अग्निशामक दलाचा जवान करवत घेऊन उतरतो, लाईनमन वीजप्रवाह तोडतो, १०८ रुग्णवाहिकेचा ईएमटी, म्हणजे तातडीचे उपचार देणारा तंत्रज्ञ, स्ट्रेचर ओढतो आणि पोलीस शिपाई वाहने थोपवून धरतो. अशा वेळी आणखी एक फांदी मोडून या चौघांवर पडली, तर जखमा सारख्याच होतील, पण भरपाई मागण्यासाठी चौघांना एकाच दारात जाता येणार नाही. कोणी किती धोका पत्करला यापेक्षा त्याचा पगार कोण देतो आणि तो कोणत्या नियमाखाली दिला जातो, यावर पुढचे बहुतेक सारे ठरते. ही व्यवस्था कोणी एका दिवसात आखलेली नाही. ती थराथराने साचत गेली आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत कामावर जखमी झालेल्या माणसाला मालकाची चूक सिद्ध केल्याशिवाय फारसे काही मिळत नसे. जर्मनीने १८८४ मध्ये अपघात विम्याचा आणि ब्रिटनने १८९७ मध्ये कामगार भरपाईचा कायदा करून ही अट मोडीत काढली. चूक कोणाचीही असो, कामातून उद्भवलेल्या अपघाताचा खर्च त्या कामानेच सोसावा, हे त्यामागचे सूत्र होते. ब्रिटिश हिंदुस्थानात १८५५ चा घातक अपघात कायदा होता, परंतु तोही चुकीच्या पुराव्यावर उभा होता. नवे सूत्र इथे आले ते १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने, जो १ जुलै १९२४ पासून अमलात आला आणि ज्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ रोजी सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. दरमहा ३०० रुपयांहून अधिक कमावणारा त्यातून वगळलेला होता, आणि मृत्यू झाल्यास ३० महिन्यांचा पगार किंवा २,५०० रुपये यांपैकी जी रक्कम कमी असेल ती देय होती.

या कायद्याची खरी चावी त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत होती. ज्यांचे काम या यादीत बसते, मुख्यतः त्यांनाच संरक्षण मिळत असे. अग्निशामक दलातील नोकरी यादीत स्पष्ट शब्दांत आहे. जंगलातील वणवा आटोक्यात आणणे किंवा विझवणे हेही आहे, आणि ते ताडामाडांची सूर काढणे व झाडे तोडणे यांच्याच ओळीत आहे. माडावर चढणारा रेंदेर आणि वणव्याशी झुंजणारा वनखात्याचा माणूस एका कलमात शेजारी बसलेले पाहून गोव्यातल्या वाचकाला गंमत वाटेल, पण यादी करणाऱ्यांचा हिशेब सरळ होता: पडून, जळून किंवा दबून मरण्याची शक्यता जिथे अधिक, ती कामे घ्यायची. पोलिसांचे नाव मात्र यादीत नाही. त्यांच्यासाठी सेवानियम आणि निवृत्तिवेतन अशी वेगळी सोय गृहीत धरलेली होती.

गोवा त्या वेळी या साऱ्याच्या बाहेर होता. पोर्तुगालमध्ये कामावरच्या अपघातांचा पहिला कायदा २४ जुलै १९१३ रोजी झाला आणि १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेत दुसऱ्याच्या हक्काला बाधा आणणाऱ्याने भरपाई द्यावी असे सर्वसाधारण कलम होते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यानंतर, १९६२ च्या विनियमाने केंद्राचे अनेक कायदे एका फटक्यात गोवा, दमण आणि दीवला लागू करण्यात आले आणि १९२३ चा कायदा त्यांत होता. नागरी संहितेतील कुटुंब आणि वारसाहक्काचा भाग मात्र तसाच चालू राहिला. वारसाहक्कापुरती त्याची जागा पुढे राज्याच्या २०१२ च्या कायद्याने घेतली, तरी त्याचा गाभा तोच आहे.

या दोन व्यवस्था एकाच घरात भेटतात तेव्हा गोंधळ उडतो. गोव्यात पतिपत्नींची मालमत्ता सर्वसाधारणपणे सामाईक मानली जाते आणि मुलांचा राखीव वाटा कायद्यानेच ठरलेला असतो, त्यामुळे जवान दगावल्यावर भरपाईचीही तशीच वाटणी होईल, असा घरच्यांचा समज होणे साहजिक आहे. पण ही रक्कम मृताच्या मालमत्तेचा भागच नसते. ती वारसांसाठी नसून अवलंबितांसाठी असते, आणि अवलंबित कोण हे केंद्राचा कायदा ठरवतो: विधवा पत्नी, अल्पवयीन मुलगा, अविवाहित मुलगी आणि विधवा आई यांना तो विनाअट धरतो, तर वडील आपल्या मुलाच्या कमाईवर निदान अंशतः तरी विसंबून होते हे दाखवावे लागते. कमावता, धडधाकट, सज्ञान मुलगा वारस असला, तरी या रकमेत त्याला वाटा नाही. शिवाय १९२३ च्या कायद्यात मालकाने भरपाईची रक्कम त्या कायद्याखाली नेमलेल्या आयुक्ताकडे जमा करायची असे आणि वाटप आयुक्त करी. मालकाने घरी येऊन परस्पर दिलेले पैसे, ठरावीक आगाऊ रक्कम सोडली, तर कायद्याच्या लेखी भरपाई ठरत नसत. कुटुंबावर दबाव आणून स्वस्तात मिटवण्याचा मार्ग यामुळे पुष्कळ अंशी बंद झाला, आणि माझ्या मते जुन्या कायद्यातील ही सर्वांत शहाणी तरतूद आहे.

गोव्यात अग्निशमन सेवेसाठी १९८६ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. दलाचे जवान हे सरकारी नोकर असल्यामुळे ते दगावले किंवा जायबंदी झाले, तर कुटुंबाची नजर आधी निवृत्तिवेतन, सानुग्रह मदत आणि अनुकंपा तत्त्वावरील नोकरी यांकडे वळते. या मार्गात आजार किंवा मृत्यू यांचा सेवेशी कारणसंबंध होता की नव्हता, हा मुद्दा कळीचा ठरतो आणि त्याचा पहिला निवाडा खात्याच्या कागदांवर होतो.

चित्र खऱ्या अर्थाने बदलले ते २००८ नंतर. त्या वर्षी १०८ रुग्णवाहिका सेवा गोव्यात सुरू झाली आणि किनाऱ्यांवरील जीवरक्षकांचे कामही खासगी संस्थेकडे गेले. ज्याला आपण सर्रास सरकारी माणूस समजतो, तो बुडणाऱ्याला ओढून आणणारा जीवरक्षक किंवा रुग्णाला गोमेकॉपर्यंत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळापर्यंत) पोहोचवणारा ईएमटी आणि पायलट म्हणजे रुग्णवाहिकेचा चालक, हे कंत्राटदाराचे नोकर झाले. सरकारी सेवेचे निवृत्तिवेतन त्यांना नाही. जुन्या कायद्याने ही शक्यता आधीच ओळखली होती. आपल्या धंद्याचे काम कंत्राटदाराकडून करून घेणारा मुख्य मालक भरपाईला जबाबदार राहतो आणि नंतर ती कंत्राटदाराकडून वसूल करू शकतो, असे त्याच्या बाराव्या कलमात होते. सरकारी खात्याचे कर्तव्य हा त्याचा धंदाच समजावा, असेही तो कायदा सांगे. म्हणजे कंत्राट दिले की जबाबदारीही दिली, असे म्हणायला जागा उरत नाही. मात्र कामगार राज्य विमा योजनेत विमा उतरलेला असेल, तर दावा त्या योजनेत करावा लागतो आणि मालकाविरुद्धचा मार्ग बंद होतो. या योजनेची वेतनमर्यादा २०१७ पासून २१,००० रुपये आहे, आणि त्यामुळे एकाच रुग्णवाहिकेतील दोघांचे मार्ग निव्वळ पगारवाढीमुळे वेगळे होऊ शकतात.

रकमेचा हिशेब पाहिल्याशिवाय या कायद्याचे मोजमाप होत नाही. २००९ च्या दुरुस्तीने कायद्याचे नाव कर्मचारी नुकसानभरपाई कायदा झाले आणि उपचारांचा प्रत्यक्ष खर्च देणे मालकावर बंधनकारक झाले. मृत्यूसाठी मासिक वेतनाचा निम्मा भाग घेऊन त्याला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात, तर पूर्ण व कायमच्या अपंगत्वासाठी ६० टक्के धरतात. तीस वर्षांच्या माणसाचा गुणक २०७.९८ आहे. पण हिशेबासाठी वेतन कितीही असले, तरी जानेवारी २०२० पासून ते १५,००० रुपयेच धरले जाई. म्हणून ४०,००० रुपये पगाराच्या तिशीतल्या माणसाच्या मृत्यूचीही भरपाई ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये इतकीच होई. त्याआधी ही मर्यादा ८,००० रुपये होती आणि ती जवळपास दहा वर्षे हलली नव्हती. गुणक शास्त्रशुद्ध आणि वेतनमर्यादा मात्र सरकारच्या सवडीने, असा हा संसार आहे.

जखमांच्या यादीतही काळ गोठलेला दिसतो. पहिल्या अनुसूचीत अंगठा गेल्यास ३० टक्के आणि दुसरा डोळा शाबूत असताना एक गेल्यास ४० टक्के कमाईक्षमता गेली, असे धरले होते. यंत्रात हात सापडणाऱ्या गिरणी कामगाराला ही यादी लागू पडते. धुराने निकामी होत जाणारी फुप्फुसे अशा टक्केवारीत बसत नाहीत. त्यांचे मूल्यमापन प्रत्येक वेळी डॉक्टरांकडून करून घ्यावे लागते. तिसऱ्या अनुसूचीत व्यावसायिक आजार आहेत आणि आरोग्यसेवेतील संसर्गजन्य रोगांचाही त्यांत समावेश आहे. तरीही २०२० मध्ये कोविडच्या काळात केंद्राला आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाख रुपयांचे वेगळे विमाकवच जाहीर करावे लागले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशमनाचे काम कर्करोगकारक कामांच्या पहिल्या गटात घातले. अमेरिकेतील अनेक राज्यांत जवानाला ठरावीक कर्करोग झाल्यास तो कामामुळेच झाला, असे गृहीत धरले जाते आणि उलट सिद्ध करण्याचा भार मालकावर येतो. आपल्याकडे असे गृहीतक नाही. वीस वर्षे आगी विझवलेल्या माणसालाच दुवा शोधून दाखवावा लागतो.

घर आणि कामाची जागा यांमधल्या वाटेचा प्रश्न न्यायालयांनी हळूहळू सोडवत आणला. मुंबईच्या बेस्टचा एक चालक पाळी संपवून दुसऱ्या बसने घरी जाताना अपघातात मेला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये हा प्रवास नोकरीचाच भाग ठरवला. जुलै २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने धाराशिव (पूर्वीच्या उस्मानाबाद) जिल्ह्यातील साखर कारखान्याच्या पहारेकऱ्याच्या प्रकरणात, कामावर जाताना झालेल्या अपघातालाही कामाशी दुवा असल्यास संरक्षण आहे, असे स्पष्ट केले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत हे तत्त्व थेट लिहिले गेले आहे. मध्यरात्री फोन आला म्हणून दुचाकीवरून कामाच्या ठिकाणाकडे निघणाऱ्या जवानाला किंवा लाईनमनला याचा उपयोग कारकुनापेक्षा अधिक होईल.

मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि आसपासच्या डोंगरांत वणवे पेटले, तेव्हा वनखाते, अग्निशामक दल आणि नौदलाची हेलिकॉप्टरे कामाला लागली. अशा वेळी झाडाच्या ओल्या डहाळ्या घेऊन आगीवर तुटून पडणारे गावकरीही असतातच. वणवा विझवणे अनुसूचीत असले, तरी त्यासाठी माणूस नोकरीत असावा लागतो. नैमित्तिक कामगारांना वगळणारी अट डिसेंबर २००० मध्ये निघाली, त्यामुळे हंगामापुरता रोजंदारीवर ठेवलेला वणवा-राखणदार आज कायद्यात येतो. बोलावल्याविना धावून आलेला गावकरी येत नाही. तो भाजला, तर त्याच्यासाठी उरते ती सरकारच्या मर्जीवरची मदत.