चांद्रयान-१ : दहा महिन्यांच्या नोंदी, चौदा वर्षांचं संशोधन

२९ ऑगस्ट २००९ रोजी मध्यरात्र उलटून गेल्यावर चांद्रयान-१ चा संपर्क तुटला तो कायमचाच. दोन वर्षांसाठी आखलेली मोहीम ३१२ दिवसांत थांबली. पण त्या यानावरच्या एकाच उपकरणाने घेतलेल्या नोंदींतून २००९ मध्ये, मग २०१८ मध्ये, २०२० मध्ये आणि २०२३ मध्येही चंद्राबद्दल नव्या, मोठ्या गोष्टी समजल्या. यान निर्जीव झाल्यावर चौदा वर्षांनीही हे का घडू शकलं, याचं उत्तर उपकरणाच्या गुणवत्तेत आहेच. पण तितकंच ते नोंदी कशा जपल्या आणि कोणासाठी खुल्या केल्या, यातही आहे. मोहिमेच्या कौतुकात आपण या दुसऱ्या कामाबद्दल फार कमी बोलतो.

चांद्रयान-१ वर एकूण ११ उपकरणं होती. त्यांपैकी ‘मून मिनरॉलॉजी मॅपर’ म्हणजेच ‘एम-थ्री’ हे नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत बनलेलं होतं आणि ब्राउन विद्यापीठाच्या कार्ली पीटर्स त्याच्या प्रमुख होत्या. चंद्राच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारा सूर्यप्रकाश हे उपकरण अनेक तरंगलांब्यांमध्ये विभागून मोजायचं. प्रत्येक खनिज ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश जास्त शोषतं. वर्णपटात त्या जागी खळगा दिसतो आणि त्यावरून खाली काय आहे ते कळतं. एम-थ्रीची नजर दृश्य प्रकाशापासून ३ मायक्रॉनपर्यंतच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अवरक्त प्रकाशापर्यंत पोहोचत होती. पाणी आणि त्याचा जवळचा नातेवाईक हायड्रॉक्सिल यांचा खळगा बरोबर याच टोकाला, २.८ ते ३ मायक्रॉनच्या पट्ट्यात असतो.

तो खळगा दिसला आणि संशोधकांना आधी त्यावर विश्वासच ठेवता येईना. अपोलोच्या अंतराळवीरांनी आणलेल्या खडकांत पाण्याचे अंश सापडले होते, पण ते पृथ्वीवरची दमट हवा लागल्यामुळे आले असावेत असंच मानलं गेलं होतं. चंद्र कोरडा ठणठणीत आहे, ही समजूत चाळीस वर्षं टिकली होती. मग एम-थ्रीच्या कॅलिब्रेशनमध्येच, म्हणजे त्याची मोजमापं ताडून घेण्यातच, खोट नसेल कशावरून?

इथे जुनी नोंद कामाला आली. शनीकडे निघालेलं कॅसिनी यान ऑगस्ट १९९९ मध्ये पृथ्वी आणि चंद्राजवळून गेलं होतं आणि जाता जाता त्याने चंद्राचा अवरक्त वर्णपट टिपला होता. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यातले रॉजर क्लार्क यांनी तो दहा वर्षांपूर्वीचा डेटा पुन्हा तपासला, तर तोच खळगा तिथेही होता. एका धूमकेतूकडे निघालेल्या ‘डीप इम्पॅक्ट’ यानानेही जून २००९ मध्ये चंद्राकडे पाहून तेच सांगितलं. वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या हातांनी बनवलेली तीन उपकरणं एकच चूक करणार नाहीत. सप्टेंबर २००९ मध्ये ‘सायन्स’मध्ये तीन निबंध एकत्र प्रसिद्ध झाले. एम-थ्रीच्या निबंधाच्या लेखकांत अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे जितेंद्रनाथ गोस्वामीही होते.

कॅसिनीच्या चमूला चंद्रावर पाणी शोधायचं नव्हतं. त्यांनी केलं ते एवढंच, की मोजमाप घेतलं, ते नीट नोंदवलं आणि पुढच्या माणसाला ते सापडेल अशा जागी ठेवलं. माझ्या मते विज्ञानातल्या प्रामाणिकपणाचा हा सर्वांत कमी गौरवलेला प्रकार आहे.

आता ‘नीट नोंदवणं’ म्हणजे काय, ते जरा सविस्तर पाहू. यानाकडून येतात ते नुसते आकडे. अमुक क्षणी, अमुक डिटेक्टरवर, अमुक इतका विद्युत संकेत. त्यांना शून्य पातळीचा डेटा म्हणतात. त्यातून डिटेक्टरचे दोष वजा करून, प्रयोगशाळेतल्या मोजमापांशी ताडून, प्रत्यक्ष किती प्रकाश आला ते काढलं की पुढची पातळी. तो प्रकाश चंद्राच्या नेमक्या कोणत्या जागेवरून आला ते ठरवायचं. मग सूर्याचा कोन, जमिनीचा चढउतार आणि तापलेल्या जमिनीची स्वतःची उष्णता यांचा हिशेब करून पृष्ठभाग किती प्रकाश परावर्तित करतो, ते काढायचं.

चांद्रयान-१ च्या बाबतीत हे काम विशेष अवघड होतं. ताऱ्यांवरून यानाची दिशा ठरवणारे तारावेधी संवेदक मोहिमेच्या मधेच बिघडले, त्यामुळे कॅमेरा नेमका कुठे रोखलेला होता हे सांगणं कठीण झालं. कक्षाही १०० किलोमीटरवरून २०० किलोमीटरवर न्यावी लागली. शेवटी नासाच्या ‘लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटर’ने लेसरने केलेल्या चंद्राच्या उंचसखलपणाच्या नकाशाचा आधार घेऊन एम-थ्रीच्या प्रतिमा जागेवर बसवण्यात आल्या. म्हणजे एका मोहिमेचा डेटा दुरुस्त करायला दुसऱ्या मोहिमेचा डेटा लागला. तो उघडा होता म्हणून हे जमलं.

हे सगळे टप्पे, अगदी कच्च्या आकड्यांसकट, नासाच्या ‘प्लॅनेटरी डेटा सिस्टिम’ या संग्रहात ठेवले आहेत. प्रत्येक फाइलसोबत एक लेबल असतं आणि त्यात वेळ, जागा, एकक, फाइलची रचना असं सगळं लिहिलेलं असतं. पन्नास वर्षांनी आजचं कोणतंही सॉफ्टवेअर चालत नसलं तरी माणसाला ती फाइल वाचता यावी, हा त्यामागचा विचार. नासाच्या स्थापनेचा १९५८ सालचा कायदाच सांगतो की आपल्या कामाची आणि त्याच्या निष्कर्षांची माहिती शक्य तितकी दूरवर पोहोचवणं हे या संस्थेचं कर्तव्य आहे.

कच्चे आकडे खुले असण्याचा फायदा २०१७-१८ मध्ये दिसला. तीन मायक्रॉनच्या आसपास चंद्राची तापलेली जमीन स्वतःच अवरक्त प्रकाश बाहेर टाकते आणि पाण्याचा खळगा त्यामुळे बुजतो. ही उष्णता किती धरायची यावर सगळं अवलंबून. एका गटाने एका पद्धतीने ती वजा केली तेव्हा पाणी अक्षांशाप्रमाणे आणि दिवसाच्या वेळेप्रमाणे बदलताना दिसलं. दुसऱ्या गटाने वेगळी पद्धत वापरली तर ते जवळपास सगळीकडे, सगळ्या वेळी दिसलं. वाद खरा होता आणि चांगलाही होता. फक्त अंतिम नकाशे वाटले असते, तर हा वाद घालायला कोणाला जागाच उरली नसती.

ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकेतल्या हवाई बेटांवरच्या विद्यापीठाचे शुआई ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच संग्रहातून त्याहून धाडसी काम केलं. चंद्राच्या ध्रुवांजवळ अशी विवरं आहेत जिथे कधीच थेट ऊन पडत नाही. तिथे एम-थ्रीला दिसणार तरी काय? पण विवराच्या उजळ कडेवरून विखुरलेला अगदी मंद प्रकाश त्या सावलीत पोहोचतो. लींच्या गटाने त्या क्षीण संकेतांत १.३, १.५ आणि २ मायक्रॉनजवळचे बर्फाचे खळगे शोधले आणि तीच ठिकाणं इतर उपकरणांच्या तापमानाच्या आणि परावर्तनाच्या मोजमापांशी पडताळून पाहिली. पृष्ठभागावर उघडा पडलेला बर्फ असल्याचा तो थेट पुरावा होता. बर्फ राहू शकेल इतक्या थंड जागांपैकी फक्त ३.५ टक्के जागांतच तो दिसला, हेही त्यांनी तितक्याच ठळकपणे सांगितलं.

दोन वर्षांनी ली यांनाच एम-थ्रीच्या नोंदींत हेमेटाइट सापडलं, म्हणजे लोखंडाचा गंज. चंद्रावर हवा नाही, वरून सूर्याकडून येणारा हायड्रोजनचा मारा गंज होऊ देणार नाही असा. तरीही ते ध्रुवांकडच्या भागात होतं, आणि पृथ्वीकडे तोंड असलेल्या बाजूला जास्त. पौर्णिमेच्या आसपास चंद्र पृथ्वीच्या चुंबकीय शेपटातून, म्हणजे तिच्या चुंबकीय क्षेत्राच्या सूर्याविरुद्ध बाजूला लांबवर पसरलेल्या भागातून जातो. त्या काळात सौरवारा, म्हणजे सूर्याकडून येणारा हा मारा, जवळजवळ अडतो आणि पृथ्वीच्या वातावरणातला थोडा ऑक्सिजन चंद्रापर्यंत पोहोचतो. हा ऑक्सिजन आधी जपानच्या ‘कागुया’ यानाने मोजला होता. २०२३ मध्ये याच शेपटाचा दुसरा परिणाम दिसला : चंद्रावर पाणी सौरवाऱ्यातल्या हायड्रोजनपासून बनतं असं मानलं जातं, म्हणून तो अडल्यावर ते तयार होणं थांबायला हवं, पण एम-थ्रीच्या नोंदी सांगत होत्या की ते जवळपास तसंच चालू राहतं. शेपटातल्या वेगवान इलेक्ट्रॉनांचा त्यात हात असावा, असं ली यांचं म्हणणं आहे. २००८-०९ मध्ये या प्रश्नाचा कोणी विचारही केला नव्हता; उत्तर मात्र तेव्हाच टिपलेलं होतं.

याच्या उलट काय होतं तेही चंद्रानेच शिकवलं आहे. अपोलो १५ आणि १७ च्या अंतराळवीरांनी चंद्राच्या जमिनीत भोकं पाडून तापमापक पुरले होते. ते १९७७ पर्यंत आकडे पाठवत होते. पण अधिकृत संग्रहात जमा झाल्या त्या फक्त १९७४ च्या अखेरपर्यंतच्या नोंदी. नंतरच्या चुंबकीय फिती कुठे गेल्या ते कळेना. अनेक वर्षं शोध घेतल्यावर १९७५ मधल्या काही महिन्यांच्या ४४० फिती वॉशिंग्टनजवळच्या सरकारी दफ्तरखान्यात मिळाल्या. त्यांवरून आकडे काढायचे म्हणजे पुन्हा वेगळी कसरत. उरलेल्या काळासाठी त्या वेळच्या साप्ताहिक अहवालांत हाताने टिपलेल्या नोंदींचा आधार घ्यावा लागला. २०१८ मध्ये निष्कर्ष आला : यंत्रं बसवल्यानंतर आजूबाजूची जमीन हळूहळू तापत गेली होती. अंतराळवीरांच्या चालण्याने आणि गाडीने वरची उजळ धूळ विस्कटली, खालची काळसर माती उघडी पडली आणि ती जास्त ऊन शोषू लागली. माणसाच्या पावलांचा चंद्राच्या तापमानावर झालेला परिणाम कळायला चाळीस वर्षं लागली. या प्रयोगाचे प्रमुख मार्कस लँगसेथ १९९७ मध्येच वारले.

आपल्याकडे आता हे काम इस्रोचं बेंगळुरूजवळ ब्यालालू इथलं अंतराळ विज्ञान डेटा केंद्र करतं. ‘प्रदान’ या पोर्टलवर नाव नोंदवलं की चांद्रयान-२ च्या नोंदी उतरवून घेता येतात; त्यांचा पहिला हप्ता डिसेंबर २०२० मध्ये खुला झाला. ॲस्ट्रोसॅट या आपल्या अवकाश वेधशाळेचा डेटा ठरावीक राखीव काळानंतर सगळ्यांना मिळतो, आणि तो वापरणाऱ्यांना मदत करणारा कक्ष पुण्याच्या आयुकात आहे. राखीव काळाबद्दल माझी तक्रार नाही. ज्यांनी दहा-बारा वर्षं घालून उपकरण बनवलं, त्यांना काही महिने आधी पाहण्याचा हक्क असलाच पाहिजे. पण तो काळ संपल्यावर मिळणाऱ्या फाइलींसोबत कॅलिब्रेशनची पूर्ण कहाणी असायला हवी. दोष, शंका, फसलेली मोजमापं यांच्यासकट. ती नसेल तर बाहेरच्या माणसाला नुसते आकडे मिळतात.

आणि बाहेरचा माणूस काय करू शकतो, ते विक्रमने दाखवलं. चांद्रयान-२ चा हा लँडर सप्टेंबर २०१९ मध्ये कोसळला. नासाने त्या भागाची छायाचित्रं सर्वांसाठी खुली केली. चेन्नईतल्या एका अभियंत्याने आधीची आणि नंतरची प्रतिमा शेजारी ठेवून एकेक ठिपका पाहिला, वेगळा वाटलेला ठिपका कळवला, आणि डिसेंबरमध्ये नासाने तो विक्रमचाच अवशेष असल्याचं त्याला श्रेय देऊन जाहीर केलं. नांदेड किंवा सांगलीच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलीसमोरही आज तेच संग्रह तितकेच उघडे आहेत.

चांद्रयान-३ च्या नोंदीही आता खुल्या झाल्या आहेत. त्यातल्या ‘चेस्ट’ या उपकरणाने चांद्रमातीत १० सेंटिमीटरपर्यंत जाऊन तापमान मोजलं. चंद्राच्या जमिनीत शिरून केलेली अशी मोजमापं याआधी फक्त अपोलो १५ आणि १७ चीच होती, म्हणजे ज्यांच्या फिती हरवल्या होत्या त्याच प्रयोगाची. सूर्याकडे कललेल्या उतारावर चेस्टला पृष्ठभागाजवळ सुमारे ८२ अंश सेल्सिअस तापमान आढळलं आणि जेमतेम मीटरभर अंतरावरच्या सपाट जागी ते वीसेक अंशांनी कमी होतं. सूर्यापासून तोंड फिरवलेल्या, ध्रुवाकडे कललेल्या तीव्र उतारांवर जमिनीखाली थोड्याच खोलीवर बर्फ टिकू शकेल, असा हिशेब संशोधकांनी यावरून मांडला आहे. हे उतार नेमके कुठे आहेत ते शोधायला लेसरने केलेला उंचसखलपणाचा नकाशा, एम-थ्रीचे वर्णपट आणि चांद्रयान-२ च्या प्रतिमा, तिन्ही उपलब्ध आहेत.