समुपदेशकाचे प्रशिक्षण आणि बौद्ध मानसशास्त्र : ठाण्याकडून पाहिलेली पार्श्वभूमी

ठाणे आणि मनाचे आजार यांचे नाते सांगताना सुरुवात बहुधा १९०१ साली उभ्या राहिलेल्या मनोरुग्णालयापासून होते. ‘याला ठाण्याला पाठवा’ ही मुंबईकरांची टिंगल त्यातूनच आली. समोर बसून ऐकणे हे वेगळे काम आहे आणि ते शिकावे लागते, हा विचार मात्र फार उशिरा रुजला. १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ सुरू केली आणि पुढच्या काळात समुपदेशन हा शब्द शहराच्या परिचयाचा होत गेला. त्या शब्दातच ‘उपदेश’ दडलेला आहे, ही गंमत आहे. कारण हाताशी आलेला उपदेश आवरणे हाच या प्रशिक्षणाचा पहिला धडा असतो.

हा धडा बौद्ध ध्यानाच्या मार्गाने शिकवण्याची पद्धत अमेरिकेतून आली, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. चोग्याम त्रुंग्पा या तिबेटी आचार्यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत बोल्डर येथे नारोपा संस्था स्थापन केली आणि तेथे मानसोपचार शिकणाऱ्यांनी स्वतः ध्यानाला बसणे अभ्यासक्रमाचा भाग झाले. १९७९ मध्ये जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये सजगतेवर आधारित तणावनिवारणाचा कार्यक्रम सुरू केला. मात्र तो रुग्णांसाठी होता.

या पद्धतीची मूळ बौद्ध सामग्री आपल्या बरीच जवळची आहे. येऊरच्या डोंगरापलीकडे कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांतील भिक्खूंच्या कोठड्यांत भिंतीलगत कोरलेले दगडी बाक आणि बाहेर पाण्याची टाकी आजही दिसतात, आणि तेथील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांचा उल्लेख आहे. आधुनिक काळात ही परंपरा मराठीत आणण्याचे मोठे श्रेय धर्मानंद कोसंबी यांना जाते. सिंहलद्वीपात (श्रीलंकेत) पाली शिकलेल्या या गोमंतकीय पंडिताने संपादित केलेला, प्राचीन बौद्ध आचार्य बुद्धघोषाचा साधनेवरील पाली ग्रंथ ‘विसुद्धिमग्ग’ १९४० मध्ये मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने प्रसिद्ध केला.

त्या ग्रंथातील ब्रह्मविहारांचे, म्हणजे ध्यानातून जोपासायच्या चार भावनांचे प्रकरण समुपदेशकाने वाचावे असे आहे. मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखातला आनंद) आणि उपेक्षा (येथे दुर्लक्ष नव्हे, तर मनाचा समतोल) या प्रत्येक भावनेला एक दूरचा आणि एक जवळचा शत्रू असतो, असे बुद्धघोष सांगतो. करुणेचा दूरचा शत्रू क्रौर्य, तो चटकन ओळखता येतो. जवळचा शत्रू म्हणजे शोकाकुलता, जी करुणेसारखीच दिसते. समोरची बाई रडू लागली की ऐकणाऱ्याचाही गळा दाटतो आणि तो आपल्यालाच सावरू लागतो, तेव्हा नेमके हेच घडलेले असते. उपेक्षेचा जवळचा शत्रू तर अजाणतेपणातून आलेली बेफिकिरी. थकलेल्या समुपदेशकाला ती समतोलासारखी वाटते. म्हणूनच अशा प्रशिक्षणात जोड्या करून एकाने दहा मिनिटे बोलायचे, दुसऱ्याने फक्त ऐकायचे आणि नंतर बोलणाऱ्याविषयी काही न सांगता, कोणत्या वाक्याला आपला श्वास अडला, सल्ला कुठे ओठांवर आला, एवढेच सांगायचे, अशा प्रकारचा सराव उपयोगी पडतो.

प्रत्यक्ष साधना या भागात पोहोचली ती विपश्यना या बौद्ध ध्यानपद्धतीचे आचार्य सत्यनारायण गोयंका यांच्यामुळे. १९६९ मध्ये ते ब्रह्मदेशातून भारतात आले, मुंबईत त्यांनी पहिले शिबिर घेतले आणि पुढे इगतपुरीचे केंद्र उभे राहिले. नवी मुंबईत बेलापूरच्या पारसिक टेकडीवरही विपश्यना केंद्र आहे. या केंद्रांनी साधना म्हणजे मानसोपचार असा दावा कधी केला नाही आणि प्रवेश अर्जात मानसिक आजाराची माहिती मागितली जाते. ही सावधगिरी मला रास्त वाटते. रुग्णाला ध्यानाला बसवण्याआधी ऐकणाऱ्याने बसावे, हा क्रम त्यामुळे आपोआप ठरतो.

ठाणे-नवी मुंबईत आणखी एक पदर आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर येथील असंख्य घरांत बुद्ध आला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांमार्फत, आणि त्यांच्या मांडणीत दुःखाचा अर्थ सामाजिक अन्यायापर्यंत जातो. जातीमुळे अपमानित झालेल्या तरुणाला ‘वेदना येते, जाते, पाहत राहा’ एवढेच सांगणारा समुपदेशक त्याचे दुःख नाकारतो, हे प्रशिक्षणात स्पष्टपणे शिकवले गेले पाहिजे.

कायद्याच्या बाजूने पाहता, २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने वर्तनविषयक आरोग्यसेवेत समुपदेशकांचा समावेश केला आणि आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीसाठी किमान ३,६०० तासांचे शिक्षण ठरवले. त्यातले किती तास स्वतःच्या मनाकडे पाहण्यासाठी द्यायचे, हा प्रश्न आता अभ्यासक्रम आखणाऱ्यांपुढे आहे.