विकास योजना आणि ग्रामपंचायत विकास आराखडा: नकाशा कुठला आणि यादी कुठली?

शहरालगतच्या गावांत ‘आराखडा आला’ असे कोणी म्हटले, तर कोणता आराखडा हा प्रश्न आधी विचारावा लागतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियम, १९६६ नुसार जी तयार होते तिचे कायद्यातले नाव ‘विकास योजना’ असे आहे. लोक तिला ‘डीपी’ किंवा सरळ ‘विकास आराखडा’ म्हणतात. ग्रामपंचायत दरवर्षी जो करते तो ‘ग्रामपंचायत विकास आराखडा’, म्हणजे ‘जीपीडीपी’. नावे इतकी सारखी आहेत की वर्तमानपत्रातली सूचना वाचणाराही गोंधळतो, आणि या गोंधळाची किंमत बहुतेक वेळा जमिनीच्या मालकाला मोजावी लागते, म्हणून हा फरक नीट समजून घ्यायला हवा.

विकास योजना जमिनीविषयी बोलते आणि ग्रामपंचायत विकास आराखडा पैशांविषयी. पहिली म्हणजे मुळात एक नकाशा असतो व त्यासोबत नियमावली आणि अहवाल येतो. कोणत्या गटात घरे बांधता येतील, शेती विभाग कुठपर्यंत राहील, बाजार, शाळा, दवाखाना किंवा क्रीडांगण यांच्यासाठी कोणती जागा राखून ठेवली आहे आणि रस्ता किती मीटर रुंद होणार आहे, हे त्यात रंगांनी आणि रेषांनी दाखवलेले असते. दुसरा म्हणजे कामांची यादी असते: कोणत्या वस्तीत गटार, कोणत्या अंगणवाडीची दुरुस्ती, पाण्याच्या टाकीवर किती खर्च आणि तो कोणत्या निधीतून. नकाशात पैसा दिसत नाही आणि यादीत जमिनीचा वापर ठरत नाही.

या भेदाची जाणीव मला माझ्या मामांमुळे झाली. त्यांची सव्वा एकर जमीन वाढत्या शहराच्या हद्दीशी टेकलेली आहे. प्रारूप, म्हणजे मसुद्याच्या स्वरूपातली, विकास योजना प्रसिद्ध झाली तेव्हा त्यांच्या गटावर क्रीडांगणाचे आरक्षण पडलेले दिसले. मामांनी तो विषय ग्रामसभेत मांडला, आरक्षणाविरुद्ध एकमताने ठराव झाला आणि ठरावाची शिक्का मारलेली प्रत त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवली. “मामा, लेखी हरकत दिली ना?” असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “अरे, सगळ्या गावानं हात वर केले, आणखी काय लागतं?” तो ठराव तालुक्याच्या कार्यालयात गेला, योजना करणाऱ्या प्राधिकरणाकडे कधी पोहोचलाच नाही. शेजारच्या गटाच्या मालकाला सुनावणीचे पत्र आले आणि मामांना आले नाही, तेव्हा कुठे आम्हाला प्रकार कळला.

गावाच्या कारभारात ग्रामसभा हे बोलण्याचे हक्काचे ठिकाण आहे, म्हणून मामांचा समज चुकीचा असला तरी अस्वाभाविक मुळीच नव्हता. परंतु विकास योजनेत बोलण्याची जागा आणि मुदत कायद्याने वेगळी ठरवली आहे. प्रारूप योजना राजपत्रात आणि स्थानिक वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाल्यावर कलम २६ नुसार ३० दिवसांत लेखी हरकती व सूचना द्याव्या लागतात. हरकतीत गट क्रमांक, मालकीचे कागद, नकाशाचा संबंधित भाग आणि नेमके काय बदलून हवे ते लिहिलेले असावे, आणि आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. कलम २८ नुसार नियोजन समिती सुनावणी घेते; महापालिकेत या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. ग्रामसभेचा ठराव निरुपयोगी असतो असे मी म्हणणार नाही, कारण तो मुदतीत प्राधिकरणाकडे दिला तर गावाची हरकत म्हणून नोंदवता येतो आणि सुनावणीत त्याचे वजन पडते. मात्र मालकाच्या स्वतःच्या अर्जाची जागा तो घेऊ शकत नाही.

समितीच्या अहवालानंतर योजना राज्य शासनाकडे जाते आणि शेवटची मंजुरी शासनच देते. शासनाने सारभूत, म्हणजे योजनेचे मूळ स्वरूप बदलणारे, फेरबदल सुचवले, तर तेवढ्या भागापुरत्या हरकती पुन्हा मागवल्या जातात. ही दुसरी संधी अनेकांच्या लक्षातच येत नाही, कारण तोवर गावातली चर्चा थंडावलेली असते. लोकांनी नकाशा वाचला की काय घडते, हे मुंबईने दाखवले आहे. तिथे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रारूपात इतक्या चुका नागरिकांनी दाखवून दिल्या की एप्रिलमध्ये शासनाने तो फेरतयारीसाठी परत पाठवला, आणि सुधारित योजना २०१८ मध्ये मंजूर होऊन त्याच वर्षी सप्टेंबरपासून लागू झाली. गोव्यातही लोकांच्या आंदोलनानंतर ‘प्रादेशिक आराखडा २०११’ (२०११ हे त्याचे लक्ष्यवर्ष) जानेवारी २००७ मध्ये रद्द करावा लागला.

ग्रामपंचायत विकास आराखड्याचा प्रवास याच्या अगदी उलट दिशेने होतो, म्हणजे मंजुरी वरून येत नाही, ती ग्रामसभेनेच द्यायची असते. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ पासून ग्रामपंचायतींना थेट निधी दिला, तेव्हा महाराष्ट्रात ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने ही पद्धत रुजवण्यात आली आणि शिवारफेरी, महिला सभा यांमधून आलेल्या गरजा ग्रामसभेपुढे ठेवण्याची रीत ठरली. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात राज्यात निधीचा ८० टक्के वाटा ग्रामपंचायतीला, १० टक्के पंचायत समितीला आणि १० टक्के जिल्हा परिषदेला मिळू लागला. २०२१-२२ पासून त्यातला ६० टक्के निधी बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठीच वापरण्याचा, आणि ४० टक्के अबंधित असा विभागला गेला. गावाला समाजमंदिर हवे असताना गटारच का होते आहे, या नेहमीच्या तक्रारीचे उत्तर पुष्कळदा या विभागणीत सापडते. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातूनही मागासवर्गीयांसाठी १५ टक्के, महिला व बालकल्याणासाठी १० टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के खर्च राखायचा असतो.

इथे हरकतीची मुदत वगैरे काही नसते. सभेला हजर राहणे हीच हरकत आणि हीच सूचना. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी लागते, पण तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. म्हणून पहिली सभा तहकूब झाली की दुसऱ्या सभेला आवर्जून जावे, कारण अनेक गावांचा वर्षाचा आराखडा तिथे बसलेल्या वीस-पंचवीस माणसांच्या साक्षीने मंजूर होतो. यादीत आलेल्या कामाला पुढे अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता आणि मोजमाप पुस्तिकेतली नोंद या पायऱ्या असतातच.

दोन्ही कागदांबद्दल एकच गैरसमज वेगवेगळ्या रूपांत दिसतो, तो म्हणजे कागदावर आले म्हणजे झाले. ‘डीपी रस्ता’ ही नकाशावरची रेषा असते. जागा रोख मोबदला, टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकाम हक्क) किंवा एफएसआय (त्याच जमिनीवर वाढीव बांधकामाची मुभा) देऊन ताब्यात येईपर्यंत आणि कोणीतरी अंदाजपत्रकात पैसे धरेपर्यंत तिथे ऊसच उभा असतो. प्लॉट विकणाऱ्याने नकाशावर बोट ठेवून रुंद रस्ता दाखवला तर ही गोष्ट आठवावी. उलट बाजूने, जीपीडीपीत अंगणवाडीच्या इमारतीसाठी पैसे धरलेले असतात, पण जागेचे बक्षीसपत्र झालेले नसल्यामुळे काम सुरू होत नाही आणि ते पुढच्या वर्षीच्या यादीत जसेच्या तसे उतरते.

काळाचे मापही वेगळे आहे. ग्रामपंचायतीचा आराखडा दरवर्षी नव्याने मांडला जातो, त्यामुळे यंदा राहिलेले काम पुढच्या वर्षी मागता येते. विकास योजना साधारण वीस वर्षांसाठी असते, तिच्यात राहिलेली चूक एका पिढीला पुरते. याच कारणाने मला विकास योजनेच्या तीस दिवसांकडे गावाने द्यावे तितके लक्ष दिले जात नाही याची जास्त काळजी वाटते.

गाव महापालिकेत जाते तेव्हा हा फरक अंगावरच येतो. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. अशा समावेशाच्या दिवशी ग्रामपंचायत संपते, तिची ग्रामसभा संपते आणि जीपीडीपीही संपतो. जमिनीचा प्रश्न मात्र नव्या विकास योजनेत नव्याने उभा राहतो. वर्षानुवर्षे सभेत उठून बोलायची सवय असलेल्या माणसाला आता नकाशा वाचायचा असतो. सातबारा पाहून आरक्षण कळेलच असे नसते. त्यासाठी गट क्रमांक देऊन नगर रचना विभागातून भाग नकाशा आणि झोन दाखला घ्यावा लागतो. जीपीडीपी मात्र ‘ई-ग्रामस्वराज’ संकेतस्थळावर गावाचे नाव निवडून घरबसल्या पाहता येतो, आणि त्यात मंजूर झालेले काम प्रत्यक्षात झाले की नाही हे गावातून एक फेरी मारून तपासता येते.

मामांच्या गटावरचे क्रीडांगण अंतिम योजनेत कायम राहिले. शासनाने प्रसिद्ध केलेल्या सारभूत फेरबदलांच्या यादीत त्यांचा गट नव्हता, त्यामुळे दुसरी संधीही मिळाली नाही. आता त्यांच्यापुढे कलम १२७ आहे: अंतिम योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक हक्काच्या कागदांसह नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादन झाले नाही किंवा त्याची पावलेही उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपुष्टात येते. ग्रामसभेच्या ठरावाच्या त्याच पिशवीत मामांनी आता भाग नकाशाची प्रत घातली आहे आणि वरच्या कागदावर दहा वर्षे पूर्ण होण्याची तारीख निळ्या शाईने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवली आहे.