मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं?

‘मॅगझिन काढलं की पिस्तूल रिकामं’ हा समज नागपुरात परवानाधारकांच्या घरीही ऐकू येतो. तसं वाटणं साहजिक आहे, कारण गोळ्या मॅगझिनमध्येच भरतात. पण स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढून सोडली की वरची गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी गोळी बसते त्या जागेत, जाते आणि मॅगझिन काढल्यावरही तिथेच राहते. काही पिस्तुलं मॅगझिनशिवाय झडत नाहीत, पुष्कळशी झडतात. निवडणुकीआधी शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करायला निघताना तर हे तपासाच. नळी सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरपासून दूर. आधी मॅगझिन काढा, मगच स्लाइड ओढा. उलट केलंत तर एक गोळी बाहेर पडते आणि दुसरी आत शिरते. स्लाइड मागे अडकवून चेंबर डोळ्यांनी पाहा, शिवाय बोटानं चाचपा.