गुण सारखे, शेरे निराळे

पॅरिसमध्ये 'एकोल नॉर्माल सुपेरिअर'सारख्या नामांकित संस्थांच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करून घेणाऱ्या एका वर्गातील तत्त्वज्ञानाच्या अध्यापकाने विद्यार्थिनींच्या नोंदींची १५४ कार्डे जपून ठेवली होती. त्यांवर गुण, शेरे आणि आईवडिलांचा व्यवसायही नोंदलेला होता. पिएर बोर्द्यू आणि मोनिक द सँ मार्तँ या समाजशास्त्रज्ञांनी ती कुटुंबाच्या सामाजिक स्थानानुसार लावून पाहिली. १९७५ मध्ये त्यांनी दाखवून दिले की, गुण जवळपास सारखे असले तरी खालच्या स्तरातील मुलींच्या वाट्याला बोचरे शेरे येत, तर प्रतिष्ठित घरांतील मुलींबद्दल लिहिताना अध्यापकांची लेखणी मऊ होई.

अशा बोचऱ्या शेऱ्यांपैकी एक 'शाळकरी' असा होता. शाळेने शिकवलेले इमानाने आत्मसात केले, म्हणून शाळाच मुलीला हिणवते, हे विलक्षणच. आपल्याकडचा 'पुस्तकी' हा शब्दही त्याच जातीचा. शाळेला हवी असलेली सहजता, बोलण्याची ढब आणि वाचनाची ओळख शाळा शिकवत नाही. ती घरातून आणावी लागते. ज्याच्या घरी 'पानी' म्हणतात त्याला वर्गात जीभ सांभाळावी लागते, आणि ज्याच्या घरी 'पाणी'च म्हणतात त्याची वाणी काही न करता शुद्ध ठरते.

घरातून मिळणाऱ्या या पुंजीला बोर्द्यूंनी 'सांस्कृतिक भांडवल' म्हटले. ते साठवायला वर्षे लागतात, त्यावर परतावा मिळतो आणि ते वारशाने जाते. मात्र सातबाऱ्यावर त्याची नोंद होत नाही. बोर्द्यू स्वतः फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील बेआर्न भागातल्या टपाल कर्मचाऱ्याचे पुत्र असल्यामुळे ही पुंजी नसणे म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होते.

भांडवलशाहीशी याचा संबंध वारशाच्या रीतीतून येतो. खासगी पेढी मुलाच्या नावावर करता येते, पण पगारी व्यवस्थापक चालवतात त्या मोठ्या कंपनीतली खुर्ची मृत्युपत्राने देता येत नाही. त्यासाठी पदवी दाखवावी लागते. म्हणून सधन कुटुंबे पैशाचा काही भाग मुलांच्या शिक्षणात घालतात आणि वारसा गुणवत्तेच्या रूपात परत मिळवतात. जो मागे पडतो त्यालाही वाटते की आपलीच बुद्धी कमी पडली. माझ्या मते या यंत्रणेची खरी ताकद इथे आहे.

२००१ मध्ये पॅरिसच्या 'सियांस पो' या राज्यशास्त्र शिकवणाऱ्या नामांकित संस्थेने वंचित वस्त्यांतील शाळांच्या विद्यार्थ्यांसाठी नेहमीच्या लेखी परीक्षेऐवजी मुलाखतीचा वेगळा मार्ग उघडला. तरी त्या खोलीतही समोरचे परीक्षक मुलाचे बोलणे ऐकूनच निर्णय घेणार होते.